चाल तेवढी ठेवलीस

पांडुरंगा,

हात जोडून तुझ्यापुढे बसले आहे. मन एकाग्र कर, असं स्वतःला बजावते आहे. पण हे मन तू कुठे बसवलंस ते अलीकडे मला बऱ्यापैकी कळलं आहे, आणि कळल्यापासून माझी प्रार्थना जरा अडखळते. आमच्या बायका तुझं नाव घेताना छातीवर हात ठेवतात. जुन्या वैद्यांपैकी बहुतेकांनी चेतनेची जागा हृदयातच सांगितली. भेलसंहिता तेवढी निराळी, तिने मनाला डोकं आणि टाळू यांच्या मधे बसवलं. भेलाचं म्हणणं खरं ठरलं. कवटीच्या आत तेराशे-चौदाशे ग्रॅमचा मऊ गोळा, त्यात सुमारे 8600 कोटी चेतापेशी. वजन शरीराच्या दोन टक्के, आणि खायला मात्र शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा लागतो. तुझं नाव घेण्याचं काम तोच करतो. तुझ्यावर शंका घेण्याचंही तोच.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात मेंदूची आकृती फळ्यावर काढते: प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ. बाण दाखवा, नावं द्या, गुण घ्या. मुलं बाण अचूक मारतात. यात राग कुठे आहे, आजीची आठवण कुठे आहे, असं कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर एका बाणात मावणारं नाही, कारण तू एका खणात एक वस्तू ठेवणाऱ्यातला नाहीस. साध्या एका विचारासाठी मेंदूच्या दहा भागांना एकाच वेळी कामाला जुंपतोस. तरी त्या दहांतला एखादा भाग गेला की नेमकं काय जातं, हे मी घरात पाहिलं आहे, आणि आज त्याबद्दलच बोलायला बसले आहे.

आधी आभार मानून घेते, कारण मागण्यांची यादी लांब आहे.

लोणारचं सरोवर 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं. टाळेबंदीचे दिवस होते ते. उल्केच्या आघाताने झालेलं पावणेदोन किलोमीटरच्या आसपास रुंदीचं विवर, बेसॉल्टचा काठ, आत खारं, क्षारीय पाणी, आणि ते एकाएकी गुलाबी. कुणाला अपशकुन वाटला, कुणाला कोप. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले तेव्हा मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचं रंगद्रव्य सापडलं. उन्हाने पाणी आटलं, खारेपणा वाढला, हे जीव फोफावले. लोकांचं कोडं सुटलं, माझं मात्र अर्धंच सुटलं. इंद्रधनुष्यात गुलाबी पट्टा नसतो, त्या रंगाला स्वतःची तरंगलांबीच नाही. डोळ्याच्या पडद्यावरच्या तीन प्रकारच्या शंकुपेशी कमी-जास्तीचा हिशेब करतात, तो हिशेब डोक्याच्या पार मागच्या भागात जातो, आणि तिथल्या खालच्या अंगाच्या एका पट्ट्यात रंग होतो. तो पट्टा दोन्ही बाजूंनी गेला तर डोळे शाबूत असूनही माणसाला जग राखाडी दिसतं. टोमॅटो राखाडी, हळद राखाडी. म्हणजे काठावर उभे राहून ‘अबब’ म्हणणारे ते सगळे आपापल्या डोक्याच्या मागच्या भागात तो गुलाबी घडवत होते. तू पाण्यात सूक्ष्मजीव सोडलेस आणि रंग आमच्यावर सोपवलास. ही भागीदारी मला फार आवडली, देवा.

वासाचं तर तू वेगळंच करून ठेवलंस. पाहिलेलं, ऐकलेलं, शिवलेलं, चाखलेलं, सगळं आधी मेंदूच्या मध्यावर थॅलॅमसमध्ये थांबतं आणि मग पुढे जातं. मुंबई-नागपूर गाड्यांना भुसावळ चुकत नाही, तसं. वास तेवढा न थांबता जातो, आणि जातो तोही थेट भीती आणि माया जागवणाऱ्या अमिग्डालाजवळ, आठवणी बांधणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या शेजारी. म्हणून मृगाचा पहिला पाऊस काळ्या मातीवर पडला, की काय होतंय ते कळायच्या आत मी फ्रॉकमधली पोर होते आणि आजी सरकीचं पोतं ओसरीत ओढत असते. एवढ्यासाठी तुझे आभार.

आता आबांबद्दल बोलते.

आबांना तू ओळखतोस. शेगावच्या पालखीबरोबर पायी पंढरपूर करणारा माणूस. दर गुरुवारी भजन. ‘श्रीगजानन विजय’चं पारायण, एकवीसच्या एकवीस अध्याय. सकाळी गोठ्यात शेण भरताना त्यांच्या उजव्या हातातली पाटी सुटली. तोंड डावीकडे ओढलं गेलं. बोलायला गेले तर नुसता घशातला आवाज. मेंदूच्या डाव्या बाजूच्या धमनीत गुठळी अडकली होती. डावीकडचं बिघडलं की उजवं अंग जातं, कारण वरून उतरणारे धागे मस्तिष्कपुच्छाशी येऊन बाजू बदलतात. का बदलतात ते नववीच्या पुस्तकात नाही. तूच कधी सांग.

गल्ली जमली. “अंगावरून वारं गेलं बाप्पा, पारव्याचं रक्त चोळा,” एक काकू म्हणाल्या, आणि कुणी खरंच पारवा शोधायला निघालंही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन लागतो, कारण आत रक्तस्राव असेल तर तेच औषध जीव घेईल. मोठी धमनी तुंबली की मेंदूत मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. गाडी मिळेपर्यंत आणि मशीन असलेलं गाव गाठेपर्यंत मुदत सरून गेली होती. त्याबद्दल तुझ्याशी भांडून झालं आहे, पुन्हा काढत नाही.

जीव वाचला, वाचा गेली. सगळ्या शब्दांतला ‘बरं’ तेवढा उरला. तहान लागली की बरं. खाटेवर ऊन आलं की बरं. नातीने चष्मा पळवला की “बरं!” आणि रात्री आईचा हात हातात घेऊन, अगदी हळू, बरं. शब्द एकच, पण चुकूनही गोंधळ होत नाही. बोलण्यातले चढउतार मुख्यतः उजवा मेंदू सांभाळतो आणि आबांचा तो धड आहे.

पॅरिसमध्ये 1861 साली पॉल ब्रोका या शल्यवैद्याच्या हाती असाच एक रुग्ण आला होता. लबोर्न त्याचं आडनाव, पण रुग्णालयात सगळे त्याला ‘टॅन’ म्हणत, कारण कित्येक वर्षं त्याच्या तोंडून तेवढाच आवाज निघायचा. दुसऱ्याचं बोलणं त्याला समजायचं. तो गेल्यावर ब्रोकाने मेंदू तपासला आणि डाव्या बाजूला, कपाळाच्या मागे खालच्या अंगाला, नासलेली जागा दाखवली. माणूस बोलतो तो डाव्या मेंदूने, हे तेव्हापासून हळूहळू मान्य झालं. पुढे 1874 मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने कानाच्या वर, जरा मागे, दुसरी एक जागा सांगितली. ती बिघडली तर माणूस घडाघडा बोलतो पण बोलण्याला अर्थ नसतो, आणि दुसऱ्याचंही त्याला कळत नाही. (अशी माणसं मी ग्रामसभेत पाहिली आहेत, पण त्यांचे मेंदू धडधाकट आहेत.) आबांची पहिली जागा गेली, दुसरी राहिली. त्यांच्यातला ऐकणारा तू आम्हाला ठेवलास, बोलणारा नेलास.

मग एका गुरुवारी मंडळी मुद्दाम आमच्या ओसरीत भजनाला बसली. टाळ सुरू झाले. पहिल्या अभंगाला आबा नुसते बघत होते. दुसऱ्याला ओठ हलायला लागले आणि ध्रुपदाला आवाज फुटला. शब्दांसकट फुटला, जोडाक्षरांसकट. ‘पाणी’ म्हणता न येणारा माणूस अख्खा अभंग सुरात म्हणत होता. आई तोंडाला पदर लावून आत गेली. पखवाजवाले बुवा ओरडले, “माउलीनं वाचा देली!” भजन संपलं. मी घाईघाईने विचारलं, आबा, पाणी देऊ? आबा म्हणाले, “बरं.”

बुवांचा चमत्कार मी खोडून काढला नाही. तो होताच, फक्त त्यांना वाटला तिथे नव्हता. गाणं, पाठ प्रार्थना, एक-दोन-तीन मोजणं, आठवड्याचे वार म्हणणं, हे सगळं तोंडात रुळलेलं असतं, बोलण्याच्या त्या डाव्या जागेवर तेवढं अवलंबून नसतं. सुरातालाचा भार उजवा मेंदू उचलतो, आणि खोल गाभ्यात पेशींचे जे गठ्ठे आहेत ते सवयीचं सारं जपून ठेवतात. आणि त्याच कोठीत तू आणखी एक वस्तू ठेवलीस. शिवी. पुढे एकदा तांबड्या बैलाने कडब्याची पेंढी पायाखाली घेतली, तेव्हा आबांनी खाटेवरून त्याला अशी सणसणीत, व्याकरणशुद्ध शिवी हासडली की आई हातातलं सूप टाकून धावत बाहेर आली. ती शिवी इथे सांगत नाही. तू ऐकली आहेसच.

म्हणजे देवा, तुझं नाव आणि बैलाची शिवी तू एकाच कोठीत घातलीस. आधी मला तो तुझा अपमान वाटला. आता नाही वाटत. नवा शब्द शोधणं, तो दुसऱ्याला जुळवणं, वाक्य उभं करणं ही डाव्या बाजूची कारागिरी, आणि ती नाजूक असते. जे हजारदा तोंडून गेलं ते मात्र तिच्याखाली मुरतं. आबांनी आयुष्यभर दोन गोष्टी विचार न करता केल्या, तुझा जप आणि बैलांचा उद्धार. मेंदूने दोन्ही राखल्या, त्यात डावं-उजवं केलं नाही. तुझं देवपण या मांसातच मुरलेलं असेल तर मांसाला कमी का लेखायचं? आत्मा अमर आहे वगैरे मी पुष्कळ ऐकलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आबांचा आत्मा शाबूत असताना त्यांना पाणी मागता येत नव्हतं, हे मी पाहिलं. मला आता आत्म्याइतकीच त्या धमनीची काळजी वाटते.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर उजव्या मेंदूचा झटका आलेले एक गृहस्थ होते. बोलायला खणखणीत. ताटात भाकर वाढली की तिची उजवी अर्धी खायचे आणि “भाकर सरली, दुसरी आण” म्हणून बायकोवर खेकसायचे. डावी अर्धी ताटात तशीच. आंधळे नव्हते ते. त्यांच्या जगातून डावी बाजूच उठून गेली होती. दाढीही अर्धीच करायचे. त्या माउलीने वाद घातला नाही. ताट तेवढं फिरवून ठेवायची, की उरलेली अर्धी त्यांना नवी भाकर वाटायची. ही युक्ती तिने कुणी न सांगता काढली. तिचं काय देणं लागतोस ते तू बघ.

आबा मधूनच रडतात. हवामानाच्या बातम्या लागल्या तरी हुंदका फुटतो, आणि कधी तेराव्याच्या जेवणात हसू फुटतं. आत दुःख किंवा आनंद असेलच असं नाही; रडण्या-हसण्याला लगाम घालणारे धागे तुटले आहेत, एवढंच. आई विचारते, काय दुखतं? काही दुखत नसतं. पाहुणे चुकचुकतात, बघा कसा जीव तुटतो म्हाताऱ्याचा. पांडुरंगा, पाहुणे जरा कमी पाठव.

भीतीसाठी मात्र तुझे आभारच मानते. आमच्याकडे पंपाची लाइन बऱ्याचदा रात्रीची असते. हरभऱ्याला पाणी द्यायला भाऊ बॅटरी घेऊन जातो. सरीत काही वेटोळं दिसलं की आधी पाय उचलला जातो, ‘साप’ हा शब्द नंतर येतो, आणि ठिबकची नळी आहे हे त्याच्याही नंतर कळतं. दोरी आणि साप हा दाखला वेदान्ती पिढ्यान्‌पिढ्या देत आले, अज्ञान कसं भ्रम घडवतं ते सांगायला. माझ्या भावाचा पाय वाचवणारं अज्ञान मला पुरतं. डोळ्यांनी टिपलेली खबर आत दोन वाटांनी जाते, एक लांबची, नीट ओळख पटवणारी, आणि एक आखूड, अमिग्डालाकडची, जी आधी पाय उचलायला लावते. अमेरिकेत आयोवातल्या संशोधकांनी अभ्यासलेल्या एका बाईचा अमिग्डाला आजाराने दोन्ही बाजूंचा गेला होता. साप विकणाऱ्या दुकानात नेलं तर ती कौतुकाने त्यांना हाताळत होती. तिच्या शौर्याचा मला हेवा वाटत नाही.

पण हीच भीती सापासाठी नसून बँकेच्या नोटिशीसाठी असली, तर पाय उचलून कुठे ठेवायचा? साप निघून जातो. नोटीस घडी करून खिशात राहते. मेंदूच्या तळाचा हायपोथॅलॅमस रोज हाक देतो, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रोज कॉर्टिसॉल सोडतात, आणि हे फार दिवस चाललं की हिप्पोकॅम्पसच्या पेशींच्या फांद्या आखूड होतात. कपाळामागचा जो भाग ‘थांब, उद्या बघू’ म्हणतो, तोच आधी थकतो. गावात याला टेन्शन म्हणतात आणि सोडून देतात. सोयाबीनचा भाव पडल्यावर गप्प झालेला माणूस आळशी नसतो, भेकडही नसतो. त्याचा निर्णय घेणारा अवयवच दमलेला असतो. 2015 मध्ये सरकारने आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प काढला, त्यात आमचा बुलढाणा जिल्हा होताच. 2022 पासून 14416 हा मनाच्या त्रासात फोन करायचा टेली-मानसचा फुकटचा नंबर आहे. ज्याचा आज रात्री डोळा लागत नसेल त्याला हा नंबर आठवू दे. आणि त्याच्या घरातल्या कुणाला तरी, शेजारी बसून, ‘काय झालं रे’ एवढं विचारायची बुद्धी दे.

आता सैलानीचं.

पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमाराला यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, हिंदू-मुसलमान दोघेही लांबलांबून येतात. त्यांत डोकं बिनसलेली माणसं पुष्कळ असतात. कुणाला आवाज ऐकू येतात, कुणाला फिट येते, कुणी बाळंतपणानंतर बाळाकडे बघत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचं आहे. तुला मी पांडुरंग म्हणते, तिथे लोक दुसऱ्या नावाने हाक मारतात. अर्ज एकाच कचेरीत येतो असं मी धरून चालते. तिथे येणाऱ्यांना हसणाऱ्यांत मला बसवू नकोस. दवाखान्यात ज्या पोरीच्या वाट्याला चार मिनिटं येतात, तिच्या उशाशी तिथे आई दिवसचे दिवस बसलेली असते. ते बसणं औषधाइतकंच लागतं.

पण फिटेला भूत म्हणू देऊ नकोस. चरकाने अपस्मार हा रोग म्हणून लिहिला. सुमारे अडीच हजार वर्षांमागे हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्याने ठणकावून सांगितलं की हा आजार इतर आजारांहून अधिक दैवी नाही, तो मेंदूतून उठतो. पेशींचा एक जथा गरज नसताना, एकाच ठेक्यात, वीज सोडू लागतो. हे कानशिलाच्या आतल्या भागात झालं तर झटक्याआधी जळका वास येतो, पोटातून भीती वर चढते, कधी न पाहिलेली जागा ओळखीची वाटते. क्वचित एखाद्याला साक्षात तूच समोर दिसतोस. अशा वेळी घरच्यांनी अंगात आलं म्हटलं, तर त्यांना तरी काय बोलायचं? त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. नाकाला कांदा आणि चप्पल लावू नका, तोंडात चमचा कोंबू नका, कुशीवर वळवा, आणि गोळी रोज द्या. नीट उपचार मिळाले तर दहांतल्या सात जणांचे झटके थांबू शकतात. हे मी वर्गात दरवर्षी सांगते. पोरं घरी जाऊन सांगतात की नाही, ते तू बघ. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या त्या गोळ्या महिनाअखेरीला संपू देऊ नकोस. ही मागणी क्षुल्लक वाटेल, पण सगळ्या यादीत मी हिच्यावर अडून बसणार आहे.

तमिळनाडूत एर्वाडीला 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाच्या झोपडीला आग लागली आणि साखळीने बांधलेली 28 माणसं जळून मेली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी बांधायला साफ मनाई केली. कायदा दिल्लीत झाला. साखळी कुठे कुठे गोठ्यात अजून आहे. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात दुव्याच्या जोडीला दवाही सुरू झाली, आणि मुजावर स्वतःच माणसाला डॉक्टरकडे धाडू लागले. ही हवा इकडेही येऊ दे.

आणि आमच्या जिल्ह्याला एक आठवण करून दे. 23 फेब्रुवारी 1878 रोजी शेगावात एक तरुण उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना दिसला. अंगावर धड कपडा नाही, गाव-नाव विचारलं तर उत्तर नाही. पिसा म्हणणारे तेव्हाही होते. गावच्या बंकटलालने तसं म्हटलं नाही. त्याने त्याच्यापुढे भरलं ताट ठेवायला लावलं. आज त्याच माणसाच्या, गजानन महाराजांच्या, दर्शनाला लोक रांगेत तासन्‌तास उभे राहतात, आणि मंदिराबाहेर आपल्याशीच बडबडणारा कुणी दिसला की पोरांना हाताने ओढून पलीकडच्या बाजूने जातात. रस्त्यावरच्या प्रत्येक वेड्यात महाराज नसतात, हे मला कळतं. संतपणाला आजाराचं नाव देण्याइतकी उथळही मी नाही. पण ताट वाढायला आधी निदान करावं लागत नाही.

2024 मध्ये बुलढाण्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या पोरापोरींच्या हातात पहिल्यांदा फॉर्मॅलिनमधला मेंदू येईल. वासाने डोळे चुरचुरतील, कुणीतरी थट्टा करेल. करू दे, भीती अशीच पळते. त्यातल्या एकाला तरी मेंदूचा डॉक्टर कर, आणि पुण्याला जाऊ देऊ नकोस. आमच्या आशाताईंना तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं ही तीन लक्षणं अशी पाठ होऊ देत, की त्यांना बघून पारवा शोधणारेही आधी गाडी शोधतील.

स्वतःसाठी फार मागत नाही. हेन्री मोलेसन म्हणून एक अमेरिकन होता. फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 मध्ये त्याच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग दोन्ही बाजूंनी काढला, आणि पुढे 2008 मध्ये मरेपर्यंत त्याला नवं जवळजवळ काहीच लक्षात राहिलं नाही. त्याला आरशात बघून चांदणी काढायला शिकवली, तर हात रोज सुधारत गेला. त्याला मात्र दर वेळी वाटायचं, आपण हे पहिल्यांदाच करतोय. माझीही आठवण कधी गेली तर जाऊ दे. फक्त तोवर हाताला चार बऱ्या सवयी लावून ठेव, म्हणजे सुनेला त्रास कमी होईल.

आणि एक शेवटचं. वाचा-उपचार करणारं माणूस आमच्या आसपास कुणी नाही. 1973 मध्ये बोस्टनच्या तज्ज्ञांनी एक पद्धत मांडली होती: बोलणं गेलेल्याला रोजची वाक्यं सुरात बसवून द्यायची, डाव्या हाताने ठेका धरायला लावायचा, आणि जमू लागलं की सूर हळूहळू काढून घ्यायचा. आम्हाला ती एका डॉक्टरीणबाईंनी समजावली, बाकी मी घरीच करते. चाली कुठून आणायच्या, म्हणून तुझ्याच अभंगांच्या उसन्या घेतल्या. ‘पाणी दे’ बसलं. ‘पाय दुखतो’ काकड्याच्या चालीत बसलं. ‘चहा टाक’ आबा आता डाव्या हाताने खाटेच्या माच्यावर ठेका धरून म्हणतात, आणि परवा एकदा ठेका न धरताही म्हणाले. तुझ्या नावाच्या जागी मी चहा घातला, याचा राग धरू नकोस. एकच वाक्य अडलं आहे, आणि आईची रात्रीची झोप नेमकी त्याच्यावर आहे. ‘लघवीला लागली.’ भूपाळीत लांबतं, गवळणीत आबांना हसू येतं, आणि हसू आलं की थांबत नाही. गुरुवारच्या भजनापर्यंत एखादी चाल सुचव.